१३ रात्री, ९ देश: बसने पाहिलेला युरोप आणि आईची वही

गोदातीर:

गेल्या मे महिन्यात मी, नवरा आणि आई असे तिघं एका टूर कंपनीबरोबर युरोपला जाऊन आलो. परत आल्यापासून ओळखीतले निदान दहाजण विचारून गेले, "कशी झाली टूर? आम्ही जावं का?" दर वेळी मी अर्धवट काहीतरी सांगते आणि नंतर चुटपुट लागते. कुणाच्या कानी फक्त दगदग पडते, कुणाच्या फक्त आल्प्स. म्हणून एकदा इथे सगळं लिहून काढते. कंपनीचं नाव देणार नाही, कारण मला सांगायचंय ते एका कंपनीपुरतं नाही.

आई ७१ वर्षांची. सिन्नर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ३२ वर्षं शिक्षिका होती. भूगोल हा तिचा जीव की प्राण. उजवा गुडघा दुखतो, बाकी प्रकृती उत्तम. दोघांनीच जायचं असतं तर आम्ही आपलं आपण आखलं असतं, पण आईला घेऊन दर दोन दिवसांनी बॅगा ओढत रेल्वेचे फलाट बदलायचे, ते जमणारं नव्हतं. शिवाय रोज रात्री वरण-भात मिळणार, ही तिची एकमेव अट होती. तेव्हा ग्रुप टूर.

मार्ग असा: पॅरिस ३ रात्री, ब्रसेल्स करत नेदरलँड्स २, जर्मनी १, स्वित्झर्लंड ३, लिख्टेनश्टाइनवरून ऑस्ट्रिया १, मग पादोव्हा, फ्लॉरेन्सजवळ आणि रोम अशा एकेक. व्हॅटिकन धरून ९ देश, ८ हॉटेलं, ४४ माणसं, एक बस.

रोजचा दिवस कसा होता ते आधी सांगते, कारण जाहिरातीत तेवढंच नसतं. पावणेसहाला फोनची घंटा. साडेसहाला बॅगा दाराबाहेर. सातला नाश्ता. बहुतेक दिवशी पावणेआठला बस सुटणार म्हणजे सुटणार. पहिल्या दोन दिवसांतच कळलं की या टूरमध्ये खरी मालकी घड्याळाची. हॉटेलं शहराबाहेर, त्यामुळे आयफेल टॉवर खिडकीतून दिसणं वगैरे विसरा. खोलीत पाणी तापवायची किटली बहुतेक ठिकाणी नव्हती. आईनं सकाळचा चहा बसमध्ये थर्मासमधूनच घेतला, तोही रेस्टॉरंटमधून गरम पाणी मागून आणलेलं असेल तर.

पॅरिसच्या दुसऱ्या दिवशी माझा सगळ्यात जास्त विरस झाला. आयफेलच्या दुसऱ्या मजल्यावर जाऊन आलो, सीन नदीवर बोटीतून फिरलो, सगळं छान. पण मे महिन्याच्या उत्तरार्धात तिथे सूर्यच साडेनऊच्या सुमारास मावळतो. टॉवर उजळतो तो अंधार पडल्यावर, आणि मग दर तासाला पाच मिनिटं लखलखतो. आम्हाला पावणेनऊला बसमध्ये बसवलं. अजून लख्ख ऊन होतं. मी टूर मॅनेजरला चक्क विनवलं, थोडं थांबू या. तो म्हणाला, ड्रायव्हरचे तास संपतात. मला ती सबब वाटली. रात्री हॉटेलवर मी नवऱ्याशी नीट बोललेही नाही.

ब्रसेल्समध्ये ग्राँ प्लासच्या चौकात पन्नास मिनिटं मिळाली, त्यातली वीस चॉकलेटच्या दुकानात गेली. जर्मनीत कलोनच्या कॅथेड्रलला अर्धा तास. १२४८ साली पाया घातला आणि १८८० साली काम पुरं झालं अशी इमारत, तिला अर्धा तास! मनोरे १५७ मीटर उंच, मान मागे टाकली तरी टोक दिसत नाही. मी धावत फोटो काढत होते. आई आत एका बाकावर बसून राहिली, एकही फोटो काढला नाही.

तिथून बाहेर पडून बस ऱ्हाईनच्या पुलावर आली आणि आईनं वही काढली. शाळेत हजेरीला वापरतात तसली, लांबट. तोवर ती रोजचा खर्च आणि गोळ्यांच्या वेळा लिहीत होती. आता तिनं एका कोऱ्या पानावर एक रेघ ओढली, वरच्या टोकाला उत्तर समुद्र लिहिलं, त्याखाली त्रिभुज प्रदेश, नेदरलँड्स. मग एक टिंब, कलोन. मला म्हणाली, "आपण नदीला उलटे चढतोय. बघ आता."

आणि खरंच तसं झालं. दोन दिवसांनी स्वित्झर्लंडमध्ये शाफहाउझेनला ऱ्हाईनचा धबधबा. उंची फक्त २३ मीटर, पण रुंदी १५० मीटर, आणि मे-जूनमध्ये वरचं बर्फ वितळत असल्यानं पाणी इतकं की बोलणं ऐकू येईना. पुढे स्वित्झर्लंडमधून निघालो तेव्हा लिख्टेनश्टाइनची राजधानी फाडुत्स, तिथे शिरताना पुन्हा एक पूल, खाली पुन्हा तीच नदी, आता अरुंद, थेट डोंगरातून आलेली. तिथे ती दोन देशांची सीमा आहे. आईनं टिंब केलं. मग म्हणाली, "ह्याच्या वर गेलो असतो तर उगम." ३२ वर्षं फळ्यावर जी नदी खडूनं काढली ती तिनं चार दिवसांत मुखाकडून वर वाचली, आणि ते बसमुळे झालं. विमानानं पॅरिसहून झ्युरिक गाठलं असतं तर यातलं काहीच दिसलं नसतं. मला टूरबद्दल जे सांगायचंय त्यातलं अर्धं एवढंच आहे.

आणखी एक जागा. इन्सब्रुकहून इटलीला निघालं की बस ब्रेनर घाटातून जाते. १९० मीटर उंचीचा युरोपाब्र्युके पूल लागतो, सगळे खिडक्यांना चिकटतात. घाटमाथा १,३७० मीटरवर. बस तिथे थांबलीसुद्धा नाही. पण आईनं मॅनेजरकडून माइक मागून घेतला आणि सगळ्यांना सांगितलं, की इथे पडलेला पाऊस अलीकडे गेला तर इन नदीतून डॅन्यूबला मिळून काळ्या समुद्रात जाईल, आणि पलीकडे गेला तर आदिजे नदीतून ॲड्रियाटिकला. आपल्याकडे त्र्यंबकला पडलेलं पाणी गोदावरीतून पूर्वेला जातं आणि डोंगराच्या पलीकडे पडलेलं वैतरणेतून पश्चिमेला, तसंच. बसमध्ये नाशिकचे आम्ही सहाजण होतो, आम्ही टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. त्या दिवसापासून तिला सगळे "बाई" म्हणू लागले.

आता फ्लॉरेन्स. हा दिवस मला अजून टोचतो. शहराच्या गाभ्यात बस जाऊ देत नाहीत, नदीकाठी उतरवतात आणि बस निघून जाते. तिथून दुओमोपर्यंत, म्हणजे मुख्य कॅथेड्रलपर्यंत, दगडी फरसबंदीवरून वीस-पंचवीस मिनिटं चालायचं, मार्गदर्शक बाई पुढे छत्री उंचावून भराभर. आईचा गुडघा त्या दिवशी धरला होता. मी एक डोळा छत्रीवर आणि एक आईवर ठेवून चालत होते. त्याचा ब्रुनेलेस्कीनं बांधलेला घुमट, १४३६ साली पुरा झालेला, विटांचा इतका मोठा घुमट आजवर दुसरा नाही, तो आम्ही बाहेरूनच आणि घामाघूम होऊन पाहिला. आत जायचं नव्हतंच, कार्यक्रमपत्रिकेत "पाहू" लिहिलं होतं. "भेट देऊ" लिहिलं असतं तर आत नेतात, हा फरक मला तिथे समजला. उफ्फिझी या चित्रसंग्रहालयाच्या दारावरून नुसते चालत गेलो. आई परतीच्या वाटेवर दोनदा कठड्यावर बसली आणि आम्ही बसला दहा मिनिटं उशिरा पोचलो. कुणी बोललं नाही, पण तिला फार लागलं ते. नंतर दोन दिवस ती गुडघा दुखत असूनही सगळ्यात आधी बसमध्ये जाऊन बसायची.

स्वित्झर्लंडमधलं बर्फाळ युंगफ्राउयोख, व्हेनिस, रोम यांबद्दल विचारलंत तर सांगेन. दमले लिहून.

---

कैरीपन्हे:

किती मनापासून लिहिलंय. त्र्यंबक आणि ब्रेनर वाचून अंगावर काटा आला. काकूंना नमस्कार सांगा.

आम्ही २०१९ला अशाच टूरला गेलो होतो, सासूबाई-सासरे बरोबर होते. "पाहू" आणि "भेट देऊ" याला अगदी अनुमोदन. त्यात "ओरिएंटेशन टूर" हाही शब्द जोडा. म्हणजे बसमधून, न उतरता.

---

पायवाट:

लेख आवडला, तरी माझं मत वेगळं आहे आणि ते मांडतो. कलोन कॅथेड्रलला अर्धा तास आणि फ्लॉरेन्सला दीड-दोन तास, याला मी पाहणं म्हणू शकत नाही. तेवढ्याच पैशांत आम्ही दोघं १८ दिवसांत चारच शहरं केली, रेल्वेनं. फ्लॉरेन्सला पाच रात्री. उफ्फिझीत दोनदा गेलो (सोमवारी बंद असतं, आधी बघून ठेवा). शेवटच्या दिवशी कोपऱ्यावरचा कॉफीवाला ओळखायला लागला होता. ४४ जणांच्या घोळक्यात तुम्हाला त्या शहरातलं एक तरी माणूस भेटलं का?

---

गोदातीर:

@पायवाट, नाही भेटलं. खरं सांगते, चौदा दिवसांत ड्रायव्हर सोडून एकाही युरोपीय माणसाशी मी चार वाक्यं बोलले नाही. ती उणीव आहेच आणि मला ती जाणवली. पण तुम्ही दोघं किती वर्षांचे होतात? आईला पाच रात्री फ्लॉरेन्सला ठेवलं असतं तर तिनं रोज संध्याकाळी काय खाल्लं असतं, आणि लिफ्ट नसलेल्या घरात तिसऱ्या मजल्यावर कशी चढली असती, हे प्रश्न मला आधी सोडवावे लागतात. मी आणि नवरा दोघंच पुन्हा जाऊ तेव्हा तुमच्या पद्धतीनं जाऊ.

---

पायवाट:

आम्ही तेव्हा ३८ आणि ३५. तुमचा मुद्दा मान्य. वयाचा विचार मी केला नव्हता.

---

सहलसोबती:

मी अकरा वर्षं टूर मॅनेजर म्हणून युरोपच्या सहली केल्या, आता ते काम करत नाही. पॅरिसच्या संध्याकाळबद्दल लिहायलाच हवं, कारण ती सबब नव्हती.

युरोपीय संघाचा ड्रायव्हरच्या तासांचा कायदा आहे, २००६ सालचा, ५६१ क्रमांकाचा. साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं थांबायचंच (१५ आणि ३० असे दोन तुकडे चालतात). दिवसाला ९ तास चालवणं, आठवड्यातून दोनदा १०. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चोवीस तासांत सलग ११ तास विश्रांती. म्हणजे ड्रायव्हरनं सकाळी साडेआठला काम सुरू केलं तर रात्री साडेनऊला त्याचे तेरा तास भरतात, त्यात बस हॉटेलवर पोचून उभी राहिलेली पाहिजे. हॉटेल पाऊण तासावर असेल तर पावणेनऊला निघावंच लागतं. तुमच्या मॅनेजरनं हिशेब बरोबर केला होता.

विश्रांती ११ची ९ तासांवर आणता येते, पण दोन साप्ताहिक सुट्ट्यांच्या मध्ये फक्त तीनदा. हे तीन दिवस आम्ही जपून ठेवायचो, लांब पल्ल्याच्या किंवा घाटात कोंडी होणाऱ्या दिवसांसाठी. पॅरिसला एक खर्च करून टाकला आणि पुढे ब्रेनरवर दोन तास अडकलो, तर ४४ माणसं रस्त्यावर. बसमध्ये टॅकोग्राफ असतो, त्यात मिनिटामिनिटाची नोंद होते, पोलीस कुठेही थांबवून तपासतात आणि दंड मोठा असतो. आपल्याकडे रात्रभर गाडी हाकणारे ड्रायव्हर पाहिलेल्या मंडळींना हे पटत नाही, पण मला त्या नियमाचा आदर आहे. माझ्या अकरा वर्षांत डुलकीमुळे एकही अपघात झाला नाही.

चूक कुठे झाली ते सांगतो. हे पहिल्या दिवशी बसमध्ये समजावून सांगायला हवं. आणि पॅरिसची रोषणाई ज्यांना पाहायचीच आहे त्यांना मेट्रोनं किंवा टॅक्सीनं आपलं आपण जाता येतं, हेही सांगायला हवं. बरेच मॅनेजर घाबरतात, कुणी हरवलं तर?

इन्सब्रुकला वगैरे तुमचा ड्रायव्हर बदलला का? एरवी सहा दिवसांनी ड्रायव्हरला साप्ताहिक सुट्टी द्यावी लागते, परदेशी सहलीच्या बसला ती सलग १२ दिवसांपर्यंत पुढे ढकलता येते. म्हणून १३ रात्रींच्या टूरला मध्ये कुठेतरी ड्रायव्हर बदलतो.

---

गोदातीर:

@सहलसोबती, बदलला, इन्सब्रुकलाच! पहिला पोलंडचा होता, जाताना आईनं त्याला तिळाच्या वड्या दिल्या. मनापासून आभार. त्या मॅनेजरवर मी त्या रात्री फार चिडले होते. त्याला आज मेसेज करणार आहे.

---

साधामाणूस:

आम्ही येत्या मेमध्ये जायचं म्हणतोय, आईबाबा ६८ आणि ७३. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. तीन प्रश्न. १) ट्यूलिप दिसतील का? २) जेवणाचं कसं? ३) युंगफ्राउयोखला श्वासाचा त्रास होतो का?

---

गोदातीर:

१) आम्हाला नाही दिसले. नेदरलँड्समधली क्यूकेनहॉफची ट्यूलिप बाग मार्चच्या उत्तरार्धात उघडते आणि मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास बंद होते. आम्ही १८ मेला निघालो होतो. शाळेची सुट्टी लागल्यावर जाणाऱ्यांना हुकतातच. शेतातले तर आधीच खुडून टाकतात, कारण शेतकऱ्याला कंद पोसायचा असतो, फूल नको असतं. ट्यूलिपसाठीच जायचं तर एप्रिलचा मध्य धरा. कंपनीला ठाम विचारा, "बाग उघडी असेल का" असं. नुसतं "ट्यूलिप पाहू का" विचारलंत तर मोघम उत्तर मिळेल.

२) रोज रात्री भारतीय जेवण, बहुतेक दुपारीही. आईसाठी हे फार मोठं सुख होतं, ते मी नाकारणार नाही. पण त्याची किंमत वेळेत मोजावी लागते. उपाहारगृहं एका मागोमाग एक ग्रुप घेतात, आमची पाळी कधी संध्याकाळी साडेसहाला, बाहेर डोक्यावर ऊन असताना. तेवढ्यासाठी एखादं शहर लवकर सोडावं लागतं. ॲमस्टरडॅममध्ये बोटीतून उतरलो ते थेट जेवायला. कालव्याकाठी एक तास भटकायला मिळालं असतं तर मी ती पनीरची भाजी आनंदानं सोडली असती.

३) आईला थोडी चक्कर आली. ग्रिंडेलवाल्डहून केबलकारनं आयगरग्लेचरला, तिथून डोंगराच्या पोटातून जाणारी रेल्वे, आणि एकदम ३,४५४ मीटर. ती रेल्वे १९१२ साली सुरू झाली आहे, आयगर आणि म्योंख या दोन शिखरांच्या आतून बोगदा खणून. वर पोचल्यावर लगेच चालायला लागू नका, दहा मिनिटं बसा, घोट घोट पाणी प्या, जिने सावकाश. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आकडा सांगून विचारा, "३,४५४ मीटर". त्या दिवशी सुदैवानं आभाळ स्वच्छ होतं. आलेच नावाची हिमनदी पायाशी पसरलेली. आईनं आधी विचारलं, "ही वितळून कुठे जाते?" मी मोबाइलवर शोधून सांगितलं, ऱ्होनमध्ये, म्हणजे भूमध्य समुद्रात. त्याचीही नोंद वहीत झाली.

---

सहलसोबती:

@साधामाणूस, बाबांसाठी थोडं. टूर निवडताना देशांचा आकडा पाहू नका, रात्रींचा पाहा. एकाच हॉटेलात सलग दोन किंवा तीन रात्री जितक्या जास्त, तितकं बॅग उचलणं कमी. एकेका रात्रीची रांग लागली असेल तर ती टूर त्यांना झेपणार नाही. वर लिहिलेल्या टूरमध्येही इटलीत तीन रात्री तीन हॉटेलं होती. दमणूक नेमकी शेवटी येते आणि सगळ्यात जास्त चालणंही इटलीतच असतं. हा आखणीतला दोष आहे आणि तो बऱ्याच टूरमध्ये असतो.

चालायच्या जागा लक्षात ठेवा: फ्लॉरेन्स (वर आलंच आहे), व्हेनिस (त्रोंकेत्तोच्या बसतळाहून बोटीनं सान मार्को चौकाकडे, पुढे पुलांच्या पायऱ्या), पिसा (बसतळापासून मनोऱ्यापर्यंत चांगलंच अंतर), रोम. या शहरांत बसमध्ये बसून राहायची सोय नसते, कारण बस उतरवून लांब जाऊन उभी राहते. म्हणून आदल्या रात्रीच मॅनेजरला सांगा, आम्ही दोघं टॅक्सीनं चौकात येतो आणि टॅक्सीनंच बस येते त्या जागी परत जातो. त्या जागेचं नाव इटालियनमध्ये कागदावर लिहून घ्या. सांगायला संकोच करू नका. मला असं आधी सांगणारे प्रवासी हवेसे वाटायचे. दगडी रस्त्यावर वेदना दाबत चालणारे आणि मग अर्ध्या वाटेत बसणारे पाहून जीव तुटायचा.

व्हेनिसमध्ये २०२४पासून मार्गदर्शकाबरोबर २५पेक्षा जास्त माणसांचा गट चालत नाही, ध्वनिवर्धकही बंद. ४४ जणांचे दोन गट करावे लागतात. तुम्ही संथ गटात जा.

---

गोदातीर:

हे टॅक्सीचं मला आधी कुणी सांगितलं असतं तर! आम्हाला सुचलंच नाही. डोक्यात एवढंच की ग्रुप सोडायचा नाही.

---

नेकारकाठ:

मी जर्मनीत श्टुटगार्टला राहते. माझे आईबाबा दोन वर्षांपूर्वी अशाच टूरवर आले होते, आणि त्यांची बस ब्लॅक फॉरेस्टमध्ये टिटिसेला थांबणार होती. आम्ही दोन तास गाडी चालवून तिथे पोचलो. त्यांना एकूण पन्नास मिनिटं होती, त्यातली पंधरा कुकू घड्याळाच्या दुकानातल्या प्रात्यक्षिकात जाणार होती. बाबा म्हणाले, घड्याळ नको, लेक हवी. तळ्याकाठी बाकावर बसून आम्ही घडीच्या पोळ्या आणि बटाट्याची भाजी खाल्ली. मग मॅनेजरनं हात केला आणि ती दोघं बसमध्ये चढली. बस वळेपर्यंत आई हात हलवत होती. मी परतताना अर्धा रस्ता रडले. माझ्याच देशात, म्हणजे मी राहते त्या देशात, माझे आईबाप माझ्याकडे न येता पुढे गेले.

तेव्हा ज्यांची मुलं युरोपात आहेत त्यांना कळकळीनं सांगते: टूर संपल्यावर पुढचे दिवस जोडून घ्या. परतीचं तिकीट पुढच्या तारखेचं मागता येतं, कंपन्या थोडे पैसे घेऊन करून देतात, फक्त ते व्हिसाच्या अर्जाआधी ठरवा, कारण व्हिसा तारखा पाहून मिळतो. शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, पण व्हिसावर जेवढे दिवस लिहिले असतील तेवढेच तुमचे. आणि अर्ज कुठल्या देशाकडे करायचा तेही त्यावरच ठरतं. ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री, तो देश. गोदातीर यांच्या टूरमध्ये फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली तिन्ही ठिकाणी तीन-तीन रात्री आहेत. अशी बरोबरी झाली की जिथून प्रथम शिरणार तो देश, म्हणजे फ्रान्स. त्यांच्या आई पुढे माझ्याकडे दहा दिवस राहिल्या असत्या तर अर्ज जर्मनीकडे गेला असता.

१२ ऑक्टोबर २०२५पासून शेंगेनच्या हद्दीवर नवी नोंदणी सुरू झाली आहे, बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेतात. पासपोर्टवरच्या शिक्क्याच्या जागी ती आणली आहे. विमानतळावर वेळ हाताशी ठेवा.

---

कैरीपन्हे:

@नेकारकाठ, डोळ्यांत पाणी आणलंत.

---

साधामाणूस:

सगळ्यांचे आभार. आता एप्रिलचा विचार करतोय, आणि रात्रींचा हिशेब घेऊनच कंपनीकडे जाणार. अजून एक, स्वच्छतागृहांचं काय? बाबांना दर दोन तासांनी लागतं.

---

गोदातीर:

बस साधारण दोन-अडीच तासांनी थांबतेच. सुट्टे युरो जवळ ठेवा. जर्मनीच्या महामार्गावर बहुतेक ठिकाणी १ युरो पडतो, त्याची पावती तिथल्या दुकानात वापरता येते, आई त्यातून केळी घ्यायची. स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक लागतात. पाण्याची एक रिकामी बाटली पिशवीत कायम हवी, कारण आत पाणी नसतं, कागद असतो. पिण्याचं पाणी मात्र विकत घेऊ नका. नळाचं चांगलं असतं, आणि रोममध्ये तर रस्त्यात बसकी लोखंडी कारंजी अखंड वाहत असतात, त्यांना नाझोनी म्हणतात. बाटल्या तिथेच भरायच्या.

पहिल्या रांगेच्या जागेवरून आमच्याकडे तिसऱ्या दिवशी दोन कुटुंबांत चांगलंच वाजलं होतं. मग मॅनेजरनं रोज दोन रांगा मागे सरकायचा क्रम लावून दिला. पहिल्या दिवसापासून तो आहे का, विचारून घ्या.

---

पायवाट:

मी परत आलोय, कारण हा धागा डोक्यातून जात नाही. पाच रात्री फ्लॉरेन्सला राहून मी ब्रेनर पाहिलाच नाही. आम्ही म्युनिकहून रात्रीच्या गाडीनं आलो, झोपेतच आल्प्स ओलांडले. आईंच्या वहीतलं ते पान इथे टाकता येईल का? त्यांची हरकत नसेल तर.

---

गोदातीर:

आईला विचारलं. चित्र नको म्हणाली, रेघ वाकडी आलीय. पण ब्रेनरच्या दिवसाचं पान जसंच्या तसं उतरवून देते:

"स. ८.१० निघालो. नवीन ड्रायव्हर, नाव समजले नाही. स. ८.३० मोठा पूल. खाली घरे काड्यापेटीएवढी. स. ८.५० ब्रेनर. रिमझिम पाऊस. इथून पाणी दक्षिणेला. मुलांना नकाशात दाखवताना मी बोट नेहमी पटकन पुढे नेत असे. इथे थांबायला हवे होते. (बसही थांबली नाही.) दु. १ वेरोनाजवळ जेवण, भात कच्चट. नदी डावीकडे होती, मग उजवीकडे, मग दिसेनाशी झाली. गोळी १. उजवा गुडघा दुखतो, डावा बरा."